चिलापी मासा आणि त्याचें पाणी

जळगांव जिल्ह्यांतील पाचोरा तालुक्याच्या नकाशाकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग, पलीकडे गिरणेचें पात्र, आणि या दोहोंच्या मध्यें हिवरा, बहुळा, अग्नावती यांसारख्या लहान नद्या. डोंगरावर पडलेला पाऊस या नद्या गिरणेकडे नेतात, गिरणा तो तापीला देते, आणि तापी सुरतेपाशीं समुद्रास मिळते. पावसाळ्यांत यांना पूर येतात; हिवाळ्यांत धार बारीक होते; उन्हाळ्यांत वाळू आणि एखादा डोह यांखेरीज पात्रांत फारसें कांहीं उरत नाहीं. ही झाली निसर्गाची रीत. परंतु आज या लहान नद्यांवर धरणें आहेत, आणि गिरणेवर वरच्या बाजूस नांदगांव तालुक्यांत १९६९ सालीं पुरें झालेलें मोठें गिरणा धरण आहे. त्यामुळें जें पाणी पूर्वीं चार महिने धांवत असे, तें आतां सांठून राहतें. पाऊस बरा झाला तर वर्षभरहि टिकतें.

माणसाच्या दृष्टीनें पाणी तें पाणीच. माशाच्या दृष्टीनें मात्र धांवतें पाणी आणि सांठलेलें पाणी हे दोन वेगळे मुलूख होत. एका मुलखाचा रहिवासी दुसऱ्यांत सुखानें नांदेलच असें नाहीं. या दुसऱ्या मुलखांत, म्हणजे उथळ, कोमट आणि संथ पाण्यांत, गेल्या सत्तर वर्षांत ज्यानें आपलें बस्तान बसविलें, त्या माशास महाराष्ट्रांत ‘चिलापी’ म्हणतात. चिलापीच्या इतिहासांत मासा निम्मा आहे. उरलेला निम्मा भाग पाण्याचा आहे.

धरणांच्या कांठीं भरणाऱ्या मासळीच्या बाजारांत हें नांव आतां चांगलें रुळलें आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण व इंदापूर या भागांत तर चिलापी घरोघरीं ठाऊक आहे. तरीहि १८८० सालीं निघालेल्या खानदेश गॅझेटियरांत, किंवा कर्नल साइक्स यानें १८४१ सालीं दख्खनच्या माशांवर प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत हा मासा शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. कारण त्या काळीं तो भारतांतच नव्हता. ‘टिलापिया’ या शास्त्रीय नांवाला मराठी जिभेनें दिलेलें सुटसुटीत रूप म्हणजे ‘चिलापी’.

टिलापिया हें एकाच माशाचें नांव नव्हे. तें एका मोठ्या गोताचें नांव आहे. सिक्लिड नांवाच्या कुळांत हें गोत मोडतें, आणि त्याचें मूळ घर आफ्रिका व तिला लागून असलेला जॉर्डन नदीचा प्रदेश हें आहे. भारतांत या कुळाच्या अवघ्या तीन देशी जाति आहेत. त्यांतील एक गोमंतकांत ‘काळुंदर’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या शास्त्रीय नांवांत सुरतेचें नांव गोंविलेलें असल्यामुळें ती तापीच्या मुखाशीं राहणारी असावी असें वाटेल. वस्तुतः तिचें खरें राज्य केरळ, दक्षिणेकडील किनारा व श्रीलंका येथील खाऱ्या-गोड्या पाण्यांत आहे. म्हणजे खानदेशाच्या नद्यांत सिक्लिड कुळाचें कोणी पूर्वीं राहत नव्हतें.

युरोपीय शास्त्रज्ञांना या गोताची ओळख टप्प्याटप्प्यानें झाली. लिनियसनें १७५८ सालीं नाईल नदींतील जातीचें वर्णन केलें. अँड्र्यू स्मिथ यानें १८४० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील एका माशावरून ‘टिलापिया’ ही प्रजाति स्थापिली. तेथील त्स्वाना भाषेंत ‘मासा’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून तें नांव घेतलें असें मानतात. विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानें १८५२ सालीं मोझांबिकच्या जातीचें वर्णन केलें. पुढें जातींची संख्या वाढत गेली आणि घोंटाळाहि वाढला. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आयुष्यभर माशांचा अभ्यास केलेल्या एथेलविन ट्रेवावस या विदुषीनें १८८३ नव्हे, तर पुरत्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे १९८३ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून या गोताची नीट वांटणी लावून दिली. तिनें मुख्य खूण धरली ती संगोपनाची. ज्या जाति तळाशीं किंवा दगडावर अंडीं घालून त्यांची राखण करतात, त्या एका बाजूस ठेविल्या. ज्या जातींत अंडीं व पिलें तोंडांत घेऊन जपण्याचें काम नर, किंवा नर व मादी दोघें करतात, त्या सारोथेरोडॉन या प्रजातींत गेल्या. आणि ज्यांत हें काम एकटी मादी करते, त्या ओरिओक्रोमिस या प्रजातींत आल्या. आपली चिलापी या शेवटच्या प्रजातींतली.

आतां या जाति कोणत्या पाण्यांत राहतात तें पाहूं. नाईलची जात मोठ्या नद्या व सरोवरें यांची रहिवासी आहे. तिचें खाद्य मुख्यतः शेवाळ व पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव. इजिप्तमध्यें तिचा मान फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें १३५० च्या सुमारास नेबामुन नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत बागेंतील तळ्याचें जें चित्र काढलें गेलें, त्यांत कमळांच्या व बदकांच्या संगतींत हे मासे पोहत आहेत. मादीच्या तोंडांतून जिवंत पिलें बाहेर पडतात हें पाहून त्या लोकांनीं या माशास पुनर्जन्माचें प्रतीक मानिलें होतें.

मोझांबिकची जात झांबेझीच्या खालच्या भागांत आणि तेथून दक्षिणेकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या नद्यांत राहते. नदीचें गोडें पाणी, मुखाजवळचें मचूळ पाणी आणि प्रसंगीं समुद्राइतकें खारें पाणी, हीं तिन्ही तिला चालतात. नदी आटली, डबकें राहिलें, पाणी गढूळ झालें, तरी ती तग धरते. जॉर्डन व नाईलच्या खालच्या भागांतील निळी जात थंडी अधिक सोसते. पाणी आठ-नऊ अंशांपर्यंत उतरलें तरी ती जगते, तर बहुतेक इतर जाति त्याआधींच माना टाकूं लागतात. गॅलिलीच्या सरोवरांत राहणाऱ्या जातीस ख्रिस्ती परंपरेवरून ‘संत पीटरचा मासा’ असें नांव पडलें आहे. पश्चिम आफ्रिकेच्या खाजणांत काळ्या हनुवटीची जात असते. तिच्यांत पिलें तोंडांत बाळगण्याचें काम बाप करतो.

याहूनहि विलक्षण उदाहरणें आहेत. केनियांतील मगाडी सरोवराचें पाणी म्हणजे सोड्याचें द्रावणच. तेथें उष्ण झऱ्यांच्या तोंडाशीं चाळीस अंशांहून तापलेल्या पाण्यांत एक लहानशी जात राहते. इतक्या क्षारयुक्त पाण्यांत इतर माशांप्रमाणें कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतां येत नाहीं, म्हणून ती त्याऐवजीं युरिया टाकते. माशांमध्यें ही सोय क्वचितच आढळते. किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशीं चाला नांवाचें ज्वालामुखीच्या मुखांत बनलेलें तळें आहे. त्यांतील जात मूळची त्या एकाच तळ्याची. यावरून दिसतें कीं, निसर्गानें या गोतांत प्रत्येक पाण्यासाठीं निराळा मासा घडविला. हीं पाणीं एकमेकांपासून डोंगरांनीं, वाळवंटांनीं आणि धबधब्यांनीं तोडलेलीं होतीं, म्हणूनच ही विविधता टिकली. ती तटबंदी विसाव्या शतकांत माणसानें ओलांडली.

या प्रवासाची सुरुवात जरा गूढ आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोझांबिकचा मासा १९३० नंतरच्या दशकांत हजारों मैल दूर जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सांपडला. मुजाईर नांवाच्या एका गांवकऱ्यानें तो तळ्यांत वाढविला, म्हणून त्या देशांत आजहि त्याला ‘मुजाईर’ म्हणतात. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आग्नेय आशियांत तो सर्वत्र पसरला. १९४६ सालीं सिंगापूरहून परतणाऱ्या दोघां गृहस्थांनीं तो तैवानांत नेला, आणि तेथील लोकांनीं त्या दोघांचीं आडनांवें जोडून माशाचें नांव ठेविलें. नाईलच्या जातीला तर राजदरबाराचा मान मिळाला. १९६५ सालीं जपानचे युवराज अकिहितो यांनीं थायलंडचे राजे भूमिबल यांस पन्नास मासे भेट दिले, आणि राजवाड्याच्या तळ्यांत वाढलेली त्यांची संतति पुढें त्या देशाच्या खेड्यापाड्यांत पोहोंचली.

भारतांत मोझांबिकचा मासा १९५२ सालीं आणण्यांत आला. दक्षिणेंत मंडपम् येथील सागरी मत्स्यसंशोधन केंद्रांत त्याचा अभ्यास सुरू झाला, आणि लवकरच तळ्यांत व जलाशयांत त्याचें बीज सोडण्यांत येऊं लागलें. तो कां आणला हें समजण्यासाठीं त्या दिवसांची अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. देश नुकताच स्वतंत्र झालेला, अन्नाची टंचाई मोठी, आणि मासळीची वाढ करावी तर बीज मिळेना. रोहू, कटला व मृगळ हे गंगेच्या खोऱ्यांतील उत्तम मासे खरे. पण ते तळ्यांत वाढतात, तळ्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांना पुराचें धांवतें पाणी लागतें. म्हणून दरवर्षीं पुराच्या वेळीं नदींतून बीज गोळा करून, हंड्यांत भरून, दूरवर वाहून न्यावें लागे. अशा वेळीं जो मासा कोणत्याहि डबक्यांत आपण होऊन वाढतो, तो वरदानासारखा वाटला तर नवल नाहीं.

परंतु या वरदानांतच शाप लपलेला होता. चिलापीचा नर तळाच्या वाळूंत किंवा गाळांत तोंडानें व शेपटीनें उकरून थाळीसारखा खळगा करतो. मादी त्यांत अंडीं घालते आणि लगेच तीं तोंडांत घेते. अंडीं फुटून पिलें स्वतंत्रपणें पोहूं लागेपर्यंत ती तीं तोंडांत बाळगते. संकट आलें कीं सुटीं पिलेंहि पुन्हां आईच्या तोंडांत शिरतात. रोहूची मादी एका मोसमांत लाखों अंडीं सोडते, पण त्यांची वास्तपुस्त करीत नाहीं. चिलापीचीं अंडीं शेंकड्यांत मोजण्याइतकीं. पण बहुतेक जगतात, आणि ऊबदार पाण्यांत महिन्या-दीड महिन्यानें पुन्हां नवी वीण येते. शिवाय दाटी झाली कीं हे मासे लहान असतांनाच, दोन-तीन महिन्यांच्या वयांत, विऊं लागतात. परिणाम असा कीं, तळें माशांनीं भरतें, पण ते मासे बोटभर किंवा वीतभरच राहतात. तोंडें वाढतात, मांस वाढत नाहीं. जागेसाठीं आणि खाद्यासाठीं इतर माशांशीं झगडा होतो तो निराळाच.

हें लवकरच उमगलें. शिवाय १९५७ सालीं कटक येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मेंदूजवळील पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून देशी कार्प माशांची वीण घडवून आणली. बीजाचा तुटवडा दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि ज्या कारणासाठीं पाहुण्यास बोलाविलें तें कारणच उरलें नाहीं. १९५९ सालीं मत्स्यसंशोधन समितीनें चिलापीच्या प्रसारावर बंदी घातली. पण पाण्यांत सुटलेल्या माशास कागदावरची बंदी कशी कळावी? १९६० नंतरच्या दशकाअखेर तामिळनाडूंतील बहुतेक जलाशयांत आणि केरळच्या पालघाट व त्रिचूर भागांत तो पोहोंचला होता. राजस्थानांतील जयसमंद सरोवरांत तो शिरल्यानंतर मोठ्या कार्प माशांचें सरासरी वजन घटलें आणि तेथील महसीर मासा नाहींसा होण्याच्या वाटेस लागला. १९७० नंतरच्या दशकांत नाईलची जातहि भारतांत आली, आणि आज ती गंगा-यमुनेंतसुद्धां सांपडते.

येथें एक प्रश्न उभा राहतो. देशी मासा चिलापीनें हांकून दिला, कीं तो आधींच घर सोडून निघाला होता? खानदेशापुरता विचार केला तर उत्तर नद्यांच्या पात्रांत शोधावें लागतें. तापीच्या खोऱ्यांतील महसीर हा धांवत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. पावसाळ्यांत प्रवाहाच्या उलट वर चढून, खडे-गोटे असलेल्या जागीं अंडीं घालणें ही त्याची रीत. वाटेंत धरण आलें कीं त्याची वाट खुंटते. वाळू उपसली कीं त्याची वीण उखडते. डोह आटले कीं त्याचा उन्हाळ्याचा आसरा जातो. वाम, शिंगाडा हे मासेहि डोहांच्या व प्रवाहाच्या आधारानें जगणारे. उलट चिलापीस जें हवें तें सारें धरणाच्या फुगवट्यांत आयतें मिळतें. कांठावर उथळ पाणी व मऊ तळ, शेतांतून वाहून आलेल्या खतावर पोसलेलें शेवाळ, आणि वर्षांतील बहुतेक महिने ऊबदार पाणी. जळगांव जिल्ह्यांत उन्हाळ्यांत हवेचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. हिवाळ्याच्या रात्रीं तो दहाच्या खालीं उतरला तरी सांठलेलें खोल पाणी तितकें गार होत नाहीं. झांबेझीच्या कांठचा मासा येथें परका वाटत नाहीं तो याच कारणानें. चिलापी येण्यापूर्वीं आणि ती आल्यानंतर, अशा दोन्ही वेळीं, नदीचें तळें करण्याचें काम माणसाचेंच होतें.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. खानदेशाच्या धरणांत सोडले जाणारे रोहू, कटला व मृगळ हेहि तापीचे मूळ रहिवासी नव्हत. ते गंगेकडून आलेले. परंतु त्यांची बोटुकली बहुधा दरवर्षीं विकत आणून सोडावी लागते, आणि एखाद्या वर्षीं सोडली नाहीं तर त्यांचा वंश तेथें आपोआप ओसरत जातो. चिलापीचें बीज कोणी आणलें नाहीं तरी तीच तें पुरविते. भोई समाजाच्या ज्या कुटुंबांचें पोट जलाशयावर आहे, त्यांना या फरकाचे दोन्ही अर्थ ठाऊक असतात. ज्या वर्षीं बीज सोडलें गेलें नाहीं किंवा वाहून गेलें, त्या वर्षीं जाळ्यांत येते ती चिलापी. ती स्वस्त विकली जाते, पण विकली जाते, आणि गरिबाच्या ताटांत चार घांस मांसान्न पडतें. मात्र सोसायटीनें ठेक्याचे पैसे भरून महागाचें बीज सोडलेलें असतां त्याच्या खाद्यांत वांटेकरी होते तीहि चिलापीच. म्हणून तिला निव्वळ चोर म्हणणें किंवा निव्वळ अन्नदात्री म्हणणें, दोन्ही एकांगी ठरेल.

अलीकडच्या काळांत या माशानें नवें रूप घेतलें आहे. १९८८ सालीं फिलिपाइन्समध्यें नाईलच्या जातीची निवडपद्धतीनें सुधारणा करण्याचें काम सुरू झालें. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथून रानटी मासे आणले, आशियांत पाळल्या जाणाऱ्या वाणांशीं त्यांचा संकर केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जलद वाढणारे मासे निवडून ‘गिफ्ट’ नांवाचें वाण तयार झालें. मूळचे आंध्रचे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. मोडदुगु विजय गुप्ता हे त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेंत काम करीत होते; लहान शेतकऱ्यांच्या तळ्यांत चिलापीसारखे मासे वाढविण्याच्या कार्यासाठीं त्यांना २००५ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतांत विजयवाडा येथें २०११ पासून या वाणाचें केंद्र उभें राहिलें. दाटीचा जुना दोष टाळण्यासाठीं पिलांना सुरुवातीचे कांहीं दिवस संप्रेरकयुक्त खाद्य देऊन बहुतेक सारे मासे नर करण्यांत येतात; वीण नाहीं तर दाटीहि नाहीं. सरकारनें परवानगी, एकलिंगी बीज आणि तळ्याच्या निचऱ्यावर जाळी, अशा अटींवर याची शेती मोकळी केली आहे. या अटींचें मर्म एकच आहे: मासा तळ्यांत राहावा, नदींत जाऊं नये.

हें मर्म किती मोलाचें आहे हें खुद्द आफ्रिकेनें दाखवून दिलें आहे. व्हिक्टोरिया सरोवरांत १९५० नंतरच्या दशकांत नाईलची जात सोडली गेली. त्या सरोवराच्या स्वतःच्या दोन जाति होत्या. त्या कालांतरानें मुख्य सरोवरांतून जवळजवळ नाहींशा झाल्या. आणि मोझांबिकच्या जातीची कथा तर त्याहून बोलकी आहे. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांची जी यादी प्रसिद्ध आहे, तींत तिचें नांव आहे. त्याच वेळीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या नोंदींत २०१९ पासून ती ‘असुरक्षित’ म्हणून गणली जाते. कारण तिच्या मूळ नद्यांत माणसानें नाईलची जात नेऊन सोडली. दोहोंचा संकर होऊं लागला, आणि शुद्ध वंश मागें पडूं लागला. परदेशीं जी उपद्रवी, तीच आपल्या माहेरीं निराधार! दोन्ही ठिकाणीं दोष माशाच्या स्वभावाचा नाहीं; पाण्यांची मूळ तटबंदी मोडण्याचा आहे.

यावरून खानदेशाच्या पाण्यासंबंधीं जो बोध निघतो तो व्यवहाराचा आहे. हिवरा, बहुळा, गिरणा यांच्या धरणांत जी चिलापी असेल ती आतां काढून टाकणें कोणाच्याहि हातीं नाहीं. ती पकडावी, विकावी आणि खावी हेंच श्रेयस्कर. नवें वाण पाळावयाचें तर बंदिस्त तळ्यांत आणि नियमांच्या चौकटींत पाळावें; पुरांत फुटेल अशा नाल्याकांठच्या शेततळ्यांत पाळूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, धरणाच्या खालीं व वर जे थोडे डोह अजून वर्षभर पाणी धरून आहेत, त्यांतील वाळू उपसूं नये, त्यांत सांडपाणी सोडूं नये, आणि त्यांत परक्या माशाचें बीज कोणीं हौसेनें टाकूं नये. सांठलेल्या पाण्यासाठीं चिलापी आहे, कार्प आहेत. धांवत्या पाण्याचे जे रहिवासी उरले आहेत, त्यांना जावयास दुसरें ठिकाण नाहीं.